सत्तर पानांचा पुडा

मे महिन्यात चंद्रपुरात दुपारी कुणी वाद घालत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की ठाम मतांची माणसंसुद्धा कूलरसमोर आडवी होतात. त्यामुळे हा वाद झाला तो संध्याकाळी, अंगणात पाणी शिंपून झाल्यावर, आणि तोही ठरवून नव्हे.

ती आली होती जीएसटीच्या कामाला. एटापल्ली तालुक्याकडची माडिया मुलगी, आता तिशीतली. माझ्या बायकोची वसतिगृहातली जुनी विद्यार्थिनी. पाच-सात गावांच्या ग्रामसभांचे तेंदूपत्त्याचे हिशेब ती ठेवते. ग्रामसभा स्वतः लिलाव करून पाला विकू लागल्या, तसा त्यांच्यामागे कर आला, लेखापरीक्षण आलं, आणि जंगलातल्या पानाचा हिशेब घेऊन चंद्रपूरच्या सी.ए.चा जिना चढणं आलं. २०१७ मध्ये जीएसटी लागला तेव्हा बिस्किटाच्या पुड्याला अठरा टक्के आणि तेंदूच्या पुड्यालाही अठरा टक्के, हा न्याय तिने तेव्हा मला हसत हसत सांगितला होता.

काका शेजारचे. वेकोलितून निवृत्त. कोळसा खाणीत लोडर म्हणून लागले आणि आयुष्यभर लाल बावट्याच्या युनियनमध्ये राहिले. त्यांच्या वडिलांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला इथेच, चंद्रपुरात, बाबासाहेबांच्या हस्ते दीक्षा घेतली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी झालेला हा सोहळा बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसतो आणि चंद्रपूरकराला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी जातीने कुणबी. ते इथे का सांगतोय, ते पुढे येईल.

काकांची बोली मी लिहिताना थोडी सपाट केली आहे. तिची मराठी मुळातच सपाट आहे, कारण ती शाळेत शिकलेली. घरात माडिया बोलतात.

सुरुवात काकांनी केली, नेहमीच्या सवालाने. "यंदा पुड्याले काय भाव भेटला?"

वाचकांपैकी ज्यांनी तेंदूचं पान फक्त विडीच्या रूपात पाहिलं असेल त्यांच्यासाठी एवढं सांगतो: सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक मानक गोणी. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पानं, आणि प्रत्येक पान कुणीतरी वाकून तोडलेलं, मोजलेलं, जुळवलेलं. पहाटे अंधारात जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत परत यायचं, दुपारभर घरातली म्हातारी-पोरं धरून सगळ्यांनी पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. मोसम जेमतेम पंधरा दिवसांचा. पण त्या पंधरा दिवसांच्या पैशावर पावसाळ्याचं बियाणं, शाळेचे कपडे आणि लग्नाची उधारी उभी असते.

तिने भाव सांगितला. काकांनी मान हलवली. "कमी हाय. ग्रामसभा-ग्रामसभा वेगळ्या बसल्या तर ठेकेदार एकेकाले पाडूनच मागंन. जिल्हाभराची एक युनियन, एक भाव. आमच्या खाणीत काय झालं? ७३ च्या आधी ठेकेदाराचे लोक होतो. राष्ट्रीयीकरण झालं, वेतन करार झाले, लोडर माणसात आला. करारात जातीचा रकाना नव्हता. पाळी सुटून वर आलो की सगळ्यांचं तोंड काळं. तेलंगी कोण, बिहारी कोण, छत्तीसगढी कोण, आमच्यातला कोण, सख्ख्या बायकोलेही ओळखू येत नव्हतं."

"आणि आंघोळ झाल्यावर, काका?"

काका हसले. पण मला दिसलं, ते हसणं थोडं उशिरा आलं.

ते म्हणाले, "आंघोळीनंतरचं भांडण युनियननं काहून करावं? युनियनचं काम भाव. ज्याच्या हाताले काम, त्याच्या पोटाले दाम. त्यात आदिवासी, बौद्ध, धिवर, बंगाली असे डबे पाडले की आगगाडी ठेकेदाराची."

"पण तुमच्या आगगाडीला आमच्या गावात थांबाच नव्हता," ती म्हणाली. "बल्लारपूरचा कागद कशाचा व्हायचा? आमच्या बांबूचा. सरकारने जंगल भाडेपट्ट्याने देऊन टाकलेलं. गिरणीतल्या कामगाराला पगार होता, बोनस होता, क्वार्टर होतं, युनियन होती. बांबू जिथून यायचा तिथल्या माणसाने टोपलीसाठी दोन कामट्या आणल्या तर तो चोर. गिरणीच्या युनियनने कधी फाटकासमोर अशी मागणी लावली का, की बांबूवाल्या गावाला आधी विचारा? नाही लावली. कारण बांबू स्वस्त राहण्यात मालकाचं जितकं हित होतं, तितकंच थोडंसं कामगाराचंही होतं."

हा मुद्दा मी पूर्वी कुणाकडून ऐकला नव्हता, आणि ऐकल्यावर तो इतका उघड वाटला की लाज वाटली. बल्लारपूरला आम्ही कामगारनगरी म्हणतो. तिच्या संपांच्या आठवणी इथल्या घराघरांत आहेत. त्या आठवणींत बांबू तोडणारा कुठेच नाही. जंगल, खाण आणि गिरणी ही एकाच मालाची साखळी, पण चळवळीने तिचा शेवटचा दुवा कामगार मानला आणि पहिला दुवा निसर्ग.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने या साखळीला खोडा घातला, ही गोष्ट आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. तरी तिचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गावाने आपल्या जंगलातली कारखान्याची बांबूतोड अडवली. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला आणि २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायची वेळ आली तेव्हा वनखातं म्हणालं, बांबू हे झाड आहे, गौण वनोपज नव्हे. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गवताच्या कुळातल्या एका वनस्पतीला गवत म्हणवून घ्यायला एवढं सरकार लागलं.

"तुम्ही मजुरी वाढवा म्हणता," ती पुढे म्हणाली. "आमची मागणी ती नाहीच, काका. आम्हाला मजूर म्हणू नका, ही आमची मागणी आहे. वनखातं पाला विकत होतं तेव्हा आम्हाला तोडाईची मजुरी मिळायची आणि बोनस कधीतरी मागाहून. आता ग्रामसभा विकते, तर तोडाईही आमची आणि रॉयल्टीही आमची. पाचगावाला तर ह्याच्या पुढचं सुचलं. त्यांनी तेंदू तोडणंच बंद केलं, झाडं छाटली जातात म्हणून, फळं राहावीत म्हणून. मजुराला असं म्हणता येतं का? काम बंद, ही मजुराची धमकी असते. मालकाचा तो निर्णय असतो."

पाचगाव आमच्याच जिल्ह्यातलं, गोंडपिंपरी तालुक्यातलं. २०१२ मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. काकांना ते माहीत होतं.

काका गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. पाण्याचा तांब्या खाली ठेवत त्यांनी विचारलं, "ठीक. मालक झालात. आता मले सांग, मालकाच्या जंगलात पाला तोडाले बाहेरून जे येतात त्यायचं काय? आमच्या मूल-सिंदेवाहीकडून मे महिन्यात बाया ट्रकनं तुमच्याकडे येतात. माझ्या बहिणीची सून येते. झोपडी घालून पंधरा दिवस राहते. तिले रॉयल्टी भेटते?"

"नाही."

"पुड्याचा भाव?"

"तोच भेटतो. सगळ्यांना सारखा."

"म्हणजे तुमच्या जंगलात ती मजूर. तिले मजूर म्हणता येते."

हे बोलताना काकांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. मला वाटतं, ती 'नाही' इतक्या सरळपणे म्हणेल असं त्यांना वाटलं नसावं. तीही थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जंगल तिचं नाही नं, काका. ती तिच्या गावात जंगल मागू शकते. आमच्याही बाया तेलंगणात मिरची तोडायला जातात. तिथे आम्ही शेत मागत नाही."

"मिरचीच्या ट्रकमधी कोण कोण असते?"

"सगळेच. माडिया, गोंड, बौद्ध, धिवर, कुणबी."

"जात विचारून कुणी चढवते?"

"नाही. पण उतरल्यावर चुली वेगळ्या लागतात."

या दोन ओळींवर माझ्या मते जाडजूड ग्रंथ लिहिता येतील आणि लिहिलेही गेले आहेत. चूल मोडली पाहिजे हे खरं. पण ट्रकमध्ये सगळे एक म्हणून ती आपोआप मोडेल हा भरवसा खोटा. शरद पाटलांनी १९७८ मध्ये मार्क्सवादी पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला तो याच भांडणावर. ते धुळ्यात बसून भांडले, आदिवासींच्या जमिनीसाठी लढता लढता भांडले, म्हणून त्यांचं भांडण पुस्तकी वाटत नाही.

बाबासाहेबांचं नाव मग निघणारच होतं. आश्चर्य म्हणजे ते काढलं काकांनी, आपल्या बाजूने साक्ष द्यायला, आणि साक्ष उलटली.

"मनमाडले फेब्रुवारी ३८ मधी जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब म्हणाले, कामगाराचे दुश्मन दोन, ब्राह्मणशाही अन् भांडवलशाही. आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे. जिथं समता नाही, स्वातंत्र्य नाही, बंधुभाव नाही, तिथं ती आहे, मग ती कोणाच्याही घरात असो. म्हणजे दोन्ही लढे एकत्र. मी तेच म्हणून राहिलो."

"त्याच भाषणात त्यांनी गँगमनचं काय सांगितलं, ते सांगा नं," ती म्हणाली. तिने ते वाचलं होतं.

काकांना ते आठवत होतं. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागे आणि गँगमन म्हणूनच मरे. वर जायला वाटच नव्हती. स्टेशनवर हमाल व्हावं तर तेही नाही; कारण हमालाकडून स्टेशनमास्तर घरची कामं करून घेत, आणि घरात शिवाशिव. वर्कशॉपातल्या कुशल कामाची दारंही बंद. पगारवाढीची कितीही मोठी लढाई जिंकली, तरी गँगमनच्या वाट्याला गँगमनचीच पगारवाढ येणार.

मुंबईच्या गिरण्यांत तर हे आणखी उघड होतं. विणकाम खात्यात मजुरी बरी, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात प्रवेश नाही. हा नियम मालकाने लिहिलेला नव्हता. तो शेजारच्या मागावरच्या कामगाराने पाळलेला होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगाराचा हक्क मागण्यांत घातला नाही, तर मी माझ्या माणसांना संपात उतरू नका म्हणून सांगेन. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले. एकी झाली ती आधी भांडण झालं म्हणून. भांडण गिळून टाकलं म्हणून नव्हे.

अमेरिकेत काळ्या माणसांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारवंत ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये मांडला: गोऱ्या गरीब कामगाराला पैशांची मजुरी कमी मिळत होती, पण गोरेपणाचा मान ही दुसरी मजुरी मिळत होती, आणि त्या दुसऱ्या मजुरीसाठी तो काळ्या कामगारापासून दूर राहिला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. मागावर धागा ओढणाऱ्या माणसाला ही दुसरी मजुरी कळायला अमेरिकेत जायची गरज नव्हती.

"तुमच्या युनियनच्या फलकावर कोणाची नावं होती, काका?" तिने विचारलं. आवाज मऊ होता.

काकांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मग एक-एक करून अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार, अशी तीन दशकांची नावं त्यांनी सांगितली. त्यात एकही लोडर नव्हता. काही वकील होते, काही ऑफिसातले बाबू होते. आडनावं मी इथे देत नाही, वाचक ओळखतील. "माणसं चांगली होती," काका म्हणाले. "माझ्या घरी जेवली सुद्धा." आणि मग, जरा थांबून: "जेवली हे आजही मी सांगतो, म्हणजे पाहा."

आता माझ्या कुणबीपणाकडे येतो, कारण इथवर मी मजेत ऐकत होतो. दुसऱ्यांच्या जखमांवर तटस्थ राहणं सोपं असतं. तिने पेसा भरतीचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या नोकरभरतीचा, विषय काढला आणि माझी तटस्थता संपली. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, शिक्षक अशी पदं स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी राखली. त्याआधीपासून गडचिरोलीत जिल्हास्तरीय भरतीत ओबीसींचं आरक्षण सहा टक्के होतं आणि चंद्रपुरात अकरा, राज्यात एकोणीस असताना. पुढे गडचिरोलीचा आकडा सतरावर नेला. पण मधल्या वर्षांत ज्यांची वयं उलटली त्यांची उलटलीच. माझा एक भाचा त्यांतला. तीन एकर धानाची शेती, डी.एड., आणि आता कुरिअरची गाडी. गडचिरोलीतल्या ओबीसी मोर्चात तो होता. मी नव्हतो, पण मनातून होतो.

मी हे बोललो. थोडं चढ्या आवाजात बोललो असेन, कारण आतून बायको डोकावून गेली.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "सर, माझ्या शाळेत गुरुजींना माडिया येत नव्हतं. चौथीपर्यंत मला गुरुजी काय म्हणतात ते कळलं नाही. तुमच्या भाच्याने चूक केली असं मी नाही म्हणत. पण अंगणवाडीत, दवाखान्यात, तलाठ्याच्या टेबलावर आमची भाषा कळणारं कुणी बसलेलं नसेल, तर कायदा कागदावरच राहतो. नोकरी तुमच्यासाठी नोकरी आहे. आमच्यासाठी तो दुभाषीही आहे."

"आणि भाच्यासाठी?" मी विचारलं.

याला उत्तर काकांनी दिलं, आणि त्या संध्याकाळचं सगळ्यात खरं वाक्य तेच असावं. "ओबीसीच्या सहा टक्क्यावर तुम्ही भांडता, आदिवासीच्या चोवीस टक्क्यावर तुम्ही भांडता. शंभरच्या जागी सत्तर पदं काहून भरतात, ह्याच्यावर एकही मोर्चा निघाला नाही. मी युनियनवाला आहे म्हणून मले पहिले हेच दिसते." सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आंध्रातलं अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांचं शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवलं तेव्हा आमच्याकडे काही घरांत पेढे वाटले गेले. पदं मात्र एकानेही वाढली नाहीत.

वनहक्क कायद्याचा पेचही असाच आहे. डिसेंबर २००५ मध्ये संसदेत आलेल्या पहिल्या मसुद्यात फक्त अनुसूचित जमाती होत्या. संयुक्त संसदीय समितीपुढे चळवळींनी आणि डाव्यांनी आग्रह धरला तेव्हा 'इतर पारंपरिक वननिवासी' आत आले. पण आत येताना त्यांच्या कपाळावर एक अट मारली गेली. आदिवासीने १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा. बाकीच्यांनी त्याआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांची वस्ती सिद्ध करायची. १९३० चा कागद. चांद्याच्या जंगलात १९३० मध्ये ज्याच्याकडे कागद होता तो एक तर मालगुजार होता नाही तर रेंजर.

"माझ्या मामाचं गाव आष्टीकडे," काका म्हणाले. "गोंड अन् आमचे लोक एकाच धुऱ्यावर. गोंडाचा दावा मंजूर, मामाचा नामंजूर. नांगर दोघायनं बरोबर धरला. आता सांग, वनखात्याचे पाय धराले दोघं एकत्र जात होते, ते आता जातात?"

"नाही जात," ती म्हणाली. "पण अट आम्ही घातली नव्हती. आणि सामूहिक हक्काला ती अडचण कमी. सामूहिक हक्क ग्रामसभेचा. त्यात मामाही मतदार, गोंडही मतदार. म्हणून मी म्हणते, वैयक्तिक पट्ट्याच्या मागे धावण्यापेक्षा आधी सामूहिक मागा."

"आणि मुलचेऱ्यातले बंगाली? पूर्व पाकिस्तानातून आले, सरकारनं आणून बसवले. बहुतेक नमशूद्र. बंगालमधी अनुसूचित जातीत, इथं कशातच नाही. त्यायले पंच्याहत्तर वर्षं कुठून भेटन?"

इथे तिचा स्वर पहिल्यांदा कडक झाला. "त्यांना जमीन मिळाली ती कुणाच्या जंगलातून? सरकारने एका उपाशी माणसाला दुसऱ्या उपाशी माणसाच्या ताटात बसवलं आणि पुनर्वसन म्हटलं. त्यांचं दुःख मला कळतं. पण दरवेळी समावेशाची किंमत आमच्याच जंगलाने का द्यायची?"

काकांजवळ याला उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नाही. डाव्या-पुरोगामी मंडळींच्या ठरावांत 'सर्व शोषितांची एकजूट' हे शब्द असतात तेव्हा मला तिचा हा प्रश्न आठवतो. शोषितांना आपसात देण्याघेण्याचे व्यवहार असतात, त्यात कुणी देणेकरी असतो, हे त्या ठरावांत मांडलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

सुरजागडच्या खाणीवर फार बोलणं झालं नाही. लोहखनिजाचा पट्टा २००७ चा, ३४८ हेक्टरचा; अडतधडत २०१६ ला काम सुरू, २०२१ पासून जोरात. डोंगर ठाकुरदेवाचा, तिथे जानेवारीत यात्रा भरते. तिचा चुलतभाऊ आता तिथे पिवळं हेल्मेट घालून जातो. काकांनी विचारलं, तिथं युनियन झाली तर तू कोणाच्या बाजूची? ती म्हणाली, भावाच्या पगाराच्या बाजूची आणि डोंगराच्याही बाजूची; ह्या दोन बाजू असाव्यात असं ज्याने ठरवलं त्याला आधी विचारा. दादालोकांचाही विषय निघाला. १९८० नंतर जंगलात आलेल्या नक्षल्यांनी ऐंशीच्या दशकात बंदुकीच्या धाकाने पुड्याचा भाव वाढवून घेतला, हे इथलं कुणीही नाकारत नाही. "भाव वाढवला," ती म्हणाली. "पण वरचे नेते बहुतेक तेलंगणा-आंध्राचे आणि खालची फौज आमची. खबऱ्या म्हणून मेले तेही आमचे, पोलीस म्हणून मेले त्यांतही आमचे." यावर कुणी काही बोललं नाही आणि मीही इथे जास्त लिहीत नाही.

माझं मत विचाराल तर, काका भावाचं बोलत होते आणि ती नावाचं, एवढाच फरक असता तर तडजोड सोपी होती: थोडा भाव, थोडं नाव. पण भाव ठरवायला कोण बसतं, यावर भाव कोणासाठी ठरतो हे ठरतं. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहात लाखोंनी लोक तुरुंगात गेले. काकांचे वडीलही गेले होते. सत्याग्रह रिपब्लिकन पक्षाचा, पुढारी बौद्ध, आणि मागणी सगळ्या जातींच्या भूमिहीनांसाठी पडीक जमीन. खालच्या माणसाने सगळ्यांसाठी मागितलं, तेव्हा त्या 'सगळ्यां'त खरोखर सगळे आले. गिरणीच्या युनियनच्या पुढाऱ्यांनी सगळ्यांसाठी मागितलं तेव्हा त्यातून बांबूवाला गळाला. म्हणून एकाच्या पुढारपणाला माझी पसंती असेल, तर ती ज्याला शेवटचा पगार मिळतो त्याच्या. माझ्यासारख्या ओबीसी मामाला हे म्हणायला जड जातं, तरी.

जेवणं झाल्यावर काकांनी तिची वही मागितली. हिशेब पाहायची त्यांची जुनी खोड. लाल पुठ्ठ्याची लांब वही, गावागणिक पानं आखलेली: अनुक्रमांक, नाव, तारीखवार पुडे, एकूण, रक्कम, सही किंवा अंगठा. काकांनी चष्मा पुसून पानं उलटली. मोजणी त्यांना पटली. एका ठिकाणी बेरजेत चूक सापडली ती त्यांनी पेन्सिलीने दाखवली. मग म्हणाले, "जातीचा रकाना नाही, हे चांगलं केलं."

"लागत नाही, काका," ती म्हणाली. "सगळे ओळखतात."

सकाळी सहाच्या अहेरी गाडीने ती गेली. काका फाटकापर्यंत आले होते. गाडीची धूळ बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाहेरगावच्या बायांची नावं शेवटच्या पानावर होती, पाह्यलं का तू? नुसती पहिली नावं. आडनाव नाही, गाव नाही."

मी पाहिलं होतं.